सभागृहातील शब्द आणि कशेडीची वाट : आरोग्य व रस्ते यांवरील संसदीय चर्चेचा एक अभ्यास

पोलादपूर मागे टाकून महामार्ग दक्षिणेकडे वळला की कशेडी घाटाची चढण सुरू होते. घाट उतरला की रायगड जिल्हा संपून रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुका लागतो. पूर्वेला सह्याद्रीची मुख्य रांग आणि महाबळेश्वरी उगम पावून पोलादपूर, महाडवरून बाणकोटच्या खाडीकडे जाणारी सावित्री नदी, असा हा प्रदेश आहे. येथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. गावे सलग नसून डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्यांची आहेत. अशा मुलखात रस्ता आणि आरोग्य हे दोन स्वतंत्र प्रश्न राहत नाहीत. वाडीतून आजाऱ्याला डोलीत घालून डांबरी सडकेपर्यंत आणावयाचे, तेथून वाहन मिळवावयाचे आणि मग दवाखाना गाठावयाचा, हा अनुभव येथील पिढ्यांनी घेतला आहे. प्रसूतीची वेळ, विंचवाचा वा सापाचा दंश, घाटातील अपघात, कोसळलेली दरड या प्रत्येक प्रसंगी उपचार किती चांगला याबरोबरच तो किती वेळात मिळाला, हे निर्णायक ठरते.

असे प्रश्न विधिमंडळात वा संसदेत मांडले जातात तेव्हा नेमके काय घडते? सभागृहात उच्चारलेला शब्द घाटातील वाटेपर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचतो, आणि कोठे अडतो? ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक आणि शासकीय अधिकारी या तिघांनाही या प्रश्नाचे उत्तर उपयोगी पडणारे आहे. ते शोधण्यासाठी चार लोकप्रतिनिधींच्या संसदीय कार्याकडे पाहणे उद्बोधक ठरेल. रावबहादूर सीताराम केशव बोले, नारायण मल्हार जोशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर हे ते चौघे होत. त्यांचे हे कार्य १९२३ ते १९२९ या सहा-सात वर्षांत घडले. मात्र प्रत्येकाने वापरलेले संसदीय साधन वेगळे होते, आणि म्हणून परिणामही वेगळे झाले.

त्या काळातील विधिमंडळ

१९१९ च्या सुधारणा कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली. जमीन महसूल, पोलीस यांसारखी खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे राखून ठेवण्यात आली, तर स्थानिक स्वराज्य, वैद्यकीय व्यवस्था, सार्वजनिक आरोग्य, शिक्षण आणि रस्ते-पूल ही खाती विधिमंडळाला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे सोपविण्यात आली. त्यामुळे दवाखाना आणि सडक या विषयांवर लोकप्रतिनिधींनी प्रश्न विचारावा व मंत्र्याने उत्तर द्यावे, ही प्रथा मुंबई प्रांतात १९२१ पासून रुजू लागली. मतदानाचा हक्क मूठभरांपुरता होता आणि तिजोरीच्या मुख्य किल्ल्या सरकारच्या हातीच होत्या. या मर्यादा लक्षात घेऊनच पुढील कार्याचे मोल करावयास हवे.

बोले यांचा ठराव : हक्काची घोषणा

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर बोले यांनी मुंबई विधिमंडळात एक ठराव मांडला. सार्वजनिक निधीतून बांधलेल्या वा चालविल्या जाणाऱ्या पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने यांचा वापर अस्पृश्य मानलेल्या वर्गांना करू द्यावा, अशी शिफारस त्यात होती. हा ठराव सामाजिक समतेचा म्हणून ओळखला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु तो आरोग्याचाही ठराव होता, याकडे सहसा लक्ष जात नाही. स्वच्छ पाणी आणि दवाखाना या सार्वजनिक आरोग्याच्या दोन मूलभूत गोष्टी त्यात एकाच वाक्यात आल्या होत्या. करातून उभारलेल्या दवाखान्याच्या पायरीवर रुग्णाची जात विचारली जाऊ नये, असा त्याचा सरळ अर्थ होता.

ठराव संमत झाला. त्याची अंमलबजावणी करावी, असे आदेश सरकारने सप्टेंबर १९२३ मध्ये आपल्या खात्यांना दिले. स्थानिक संस्थांना मात्र शिफारसच करण्यात आली. महाडच्या नगरपालिकेने सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या अध्यक्षतेच्या काळात, जानेवारी १९२४ मध्ये, चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला. प्रत्यक्षात तीन वर्षे उलटली तरी तळ्याचे पाणी ज्यांच्यासाठी खुले झाले होते त्यांच्या ओंजळीत पडले नाही. ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोले यांनी दुसरा ठराव आणला. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे पहिल्या ठरावाची अंमलबजावणी नाकारतील त्यांचे अनुदान रोखावे, अशी त्यात मागणी होती. पहिल्या ठरावात राहून गेलेली उणीव भरून काढण्याचा तो प्रयत्न होता.

पुढील इतिहास सर्वविदित आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. डिसेंबरात महाडला दुसरी परिषद भरली. तळे सार्वजनिक आहे की खाजगी, हा वाद न्यायालयात गेला आणि मुंबई उच्च न्यायालयाने मार्च १९३७ मध्ये सत्याग्रहींच्या बाजूने निर्णय दिला. सभागृहातील ठरावापासून न्यायालयाच्या निर्णयापर्यंत जवळजवळ चौदा वर्षे गेली.

यावरून ठराव या साधनाचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही दिसून येतात. ठराव सभागृहाचे मत जाहीर करतो. लोकांना आपल्या हक्काचा उच्चार करण्यासाठी त्याचा आधार मिळतो, आणि महाडच्या सत्याग्रहाला तो मिळाला. परंतु ठरावात कोणावरही कायदेशीर कर्तव्य लादलेले नसते, पैशाची तरतूद नसते आणि कसूर केल्यास शिक्षाही नसते. ज्या संस्थेने तो अमलात आणावयाचा तिची इच्छा नसेल तर तो दप्तरात पडून राहतो.

जोशी आणि आंबेडकर : विधेयकाचा मार्ग

दुसरे उदाहरण याच परिसराच्या सुपुत्राचे आहे. ना. म. जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. हे गाव महाडच्या उत्तरेस, माणगाव तालुक्यात आहे. भारत सेवक समाजाचे सदस्य, १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन करणारे समाजसेवक आणि १९२० मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे एक संस्थापक म्हणून ते प्रसिद्ध आहेत. १९२१ पासून १९४७ पर्यंत ते केंद्रीय विधानसभेत कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी होते. त्यांच्या मागे मोठा पक्ष नव्हता. अभ्यास, चिकाटी आणि एकच विषय पुन्हापुन्हा मांडण्याची तयारी हेच त्यांचे बळ होते.

१९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. त्यास जोशी भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून उपस्थित होते. त्या अधिवेशनात प्रसूतीपूर्व व प्रसूत्युत्तर काळात स्त्री कामगारांना विश्रांती आणि अर्थसाहाय्य मिळावे, असा करार संमत झाला. त्याच धर्तीवर जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय विधानसभेत प्रसूती लाभाचे अशासकीय विधेयक मांडले. सरकारने विरोध केला आणि १९२५ मध्ये ते फेटाळले गेले.

दिल्लीत अडलेला हा प्रश्न मुंबईत पुन्हा उभा राहिला. फेब्रुवारी १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळाचे नियुक्त सदस्य म्हणून शपथ घेतली. जुलै १९२८ मध्ये प्रसूती लाभ विधेयकावर चर्चा झाली तेव्हा त्यांनी विधेयकाला ठाम पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, हे त्यांच्या प्रतिपादनाचे मुख्य सूत्र होते. लोककल्याणाची प्राथमिक जबाबदारी शासनाची असल्याने या खर्चाचा मोठा भार शासनाने उचलावा, हे त्यांनी मान्य केले. परंतु स्त्रियांच्या श्रमाचा लाभ ज्याला मिळतो त्या मालकालाही या दायित्वातून सुटता येणार नाही, असे त्यांनी दाखवून दिले. आरोग्यावरील चर्चेला त्यामुळे दयेच्या पातळीवरून जबाबदारीच्या वाटणीच्या पातळीवर नेले गेले. खर्च कोणी, किती आणि का सोसावा, याचा विचार हे या भाषणाचे वैशिष्ट्य होय.

१९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. अशा प्रकारचा तो देशातील पहिला कायदा होता. त्याच वर्षी नेमण्यात आलेल्या शाही कामगार आयोगावर जोशी सदस्य होते. या आयोगाने १९३१ च्या अहवालात अन्यत्रही असे कायदे करण्याची शिफारस केली. पुढे इतर प्रांतांनीही तोच मार्ग स्वीकारला. स्वातंत्र्यानंतर १९६१ मध्ये संपूर्ण देशासाठी प्रसूती लाभ अधिनियम आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजेचा काळ २६ आठवड्यांपर्यंत वाढला. १९२५ मध्ये पराभूत झालेल्या विधेयकातील तत्त्व अशा रीतीने छत्तीस वर्षांनी देशाच्या कायद्यात उतरले. सभागृहात पडलेले विधेयक व्यर्थ जात नाही. त्यातील युक्तिवाद नोंदलेला राहतो आणि पुढच्या सदस्याला तेथून आरंभ करता येतो.

तथापि या कायद्याची एक बाजू कशेडीच्या परिसरातून अधिक स्पष्ट दिसते. महाड, पोलादपूर, खेड या भागातील हजारो कुटुंबांतील माणसे मुंबईच्या गिरण्यांत राबत होती. गिरणीत काम करणाऱ्या स्त्रीला १९२९ च्या कायद्याने संरक्षण मिळाले. परंतु तिची जी जाऊ वा नणंद गावी राहून भातशेती करीत होती, लाकूडफाटा वाहत होती, तिला या कायद्याचा स्पर्श झाला नाही. कायद्याची व्याख्या जेथे संपते तेथे त्याचा लाभही संपतो. शेतात आणि असंघटित क्षेत्रात राबणाऱ्या मातांसाठी संस्थात्मक प्रसूतीस साहाय्य करणारी जननी सुरक्षा योजना २००५ मध्ये आणि रोख साहाय्याची प्रधानमंत्री मातृवंदना योजना २०१७ मध्ये आली. विधेयकावर बोलताना ‘हे कोणाला मिळेल’ याबरोबरच ‘हे कोणाला मिळणार नाही’ हा प्रश्न विचारणे का आवश्यक असते, हे यावरून लक्षात येईल.

जयकर समिती : निधीची व्यवस्था

रस्त्यांच्या बाबतीत याच काळात एक महत्त्वाचे संसदीय कार्य घडले. पहिल्या महायुद्धानंतर मोटारगाड्या वाढल्या. बैलगाड्यांसाठी बांधलेल्या खडीच्या सडका त्यांच्या वेगाने व भाराने उखडू लागल्या. सडकांची देखभाल प्रांत आणि लोकल बोर्डे यांच्याकडे होती, आणि त्यांच्याजवळ पुरेसा पैसा नव्हता. १९२७ मध्ये केंद्रीय विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांतील सदस्यांची एक रस्ते विकास समिती नेमण्यात आली. मुंबईचे प्रतिनिधी बॅ. मु. रा. जयकर हे तिचे अध्यक्ष होते. समितीने १९२८ मध्ये आपला अहवाल सादर केला.

अहवालाचा गाभा असा होता : रस्त्यांचा विकास प्रांतिक सरकारे व स्थानिक संस्था यांच्या आर्थिक कुवतीपलीकडे गेला आहे, तो राष्ट्रीय हिताचा विषय झाला आहे, म्हणून मध्यवर्ती सरकारने त्यात वाटा उचलावा. पैसा कोठून आणावयाचा याचेही उत्तर समितीने दिले. जो रस्ता वापरतो त्याच्याकडून तो यावा, म्हणून पेट्रोलवर जादा कर बसवावा व त्याचे उत्पन्न केवळ रस्त्यांसाठी राखून ठेवावे. त्यानुसार १ मार्च १९२९ पासून पेट्रोलवर दर गॅलनला दोन आणे जादा कर आकारून केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. रस्तेबांधणीच्या तांत्रिक विचारविनिमयासाठी संस्था असावी, या शिफारशीतून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेसची स्थापना झाली. १९४३ च्या डिसेंबरात नागपूर येथे मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत जी वीस वर्षांची योजना आखली गेली, तिने राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग व ग्राममार्ग अशी वर्गवारी निश्चित केली. रस्त्यांची आजची श्रेणी तिच्यातूनच विकसित झाली आहे.

ठरावात जे नव्हते ते येथे होते. मागणीबरोबर पैशाचा झरा दाखविला गेला आणि अंमलबजावणी करणारी यंत्रणाही सुचविली गेली. त्यामुळे समितीचे काम अहवाल सादर करण्यापाशी संपले नाही. मात्र निधीच्या वाटपाचा निकष पाहण्यासारखा आहे. प्रांतांना वाटा मिळे तो मुख्यतः तेथील पेट्रोलच्या खपाच्या प्रमाणात. जेथे मोटारी अधिक तेथे पैसा अधिक, आणि जेथे रस्ताच नाही तेथे मोटार नाही व म्हणून वाटाही नाही, असा हा क्रम होता. करदात्याच्या दृष्टीने तो न्याय्य असला तरी डोंगरातल्या वाडीच्या दृष्टीने अपुरा होता.

हा क्रम पुष्कळ अंशी बदलला तो २००० मध्ये. त्या वर्षी केंद्रीय रस्ते निधीला कायद्याचे अधिष्ठान मिळाले आणि २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. डिझेलवरील उपकराचा वाटा तिच्याकडे वळविण्यात आला. तिचा निकष इंधनाच्या खपाचा नसून रस्ता नसलेल्या वस्तीचा होता. सर्वसाधारण क्षेत्रात ५०० व त्याहून अधिक, तर डोंगराळ राज्ये, आदिवासी व वाळवंटी क्षेत्रे यांत २५० व त्याहून अधिक लोकसंख्येच्या वस्त्या तिच्या कक्षेत आल्या. येथेही कोकणापुढे अडचण राहिली. सह्याद्रीच्या उतारावरील वाडी भूगोलाने डोंगराळ असली तरी महाराष्ट्र हे डोंगराळ राज्य म्हणून गणले जात नाही. त्यामुळे थोड्या उंबऱ्यांची वाडी या निकषातून निसटू शकते. अशा वाड्यांसाठी राज्याच्या व जिल्हा परिषदेच्या योजनांकडे वळावे लागते. निकषाचा एक आकडा किती घरांचे भवितव्य ठरवितो, हे लोकप्रतिनिधीने जाणले पाहिजे. २०१८ च्या दुरुस्तीने हा निधी रस्ते व पायाभूत सुविधा निधी झाला आणि शैक्षणिक संस्था व रुग्णालये यांसारख्या सामाजिक सुविधांचाही त्याच्या अनुसूचीत समावेश झाला. रस्ता आणि रुग्णालय हे दोन विषय कायद्याच्या एकाच अनुसूचीत येण्यास जयकर अहवालानंतर नव्वद वर्षे लागली.

कशेडीचा प्रश्न कोणाच्या दारी?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत विषयांची वाटणी आहे. संसदेने राष्ट्रीय म्हणून घोषित केलेले महामार्ग संघसूचीत आहेत. सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये व दवाखाने राज्यसूचीत आहेत, आणि राष्ट्रीय महामार्गांखेरीज इतर रस्ते व पूलही राज्यसूचीतच येतात. १९९३ मध्ये अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अकरावी अनुसूची जोडली. तिच्यातील २९ विषयांत रस्ते, साकव, पूल हा एक आणि रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे व दवाखान्यांसह आरोग्य व स्वच्छता हा दुसरा विषय आहे.

याचा व्यावहारिक अर्थ असा की घाटातील एकाच अपघातग्रस्ताचा प्रवास तीन सभागृहांच्या कक्षेतून होतो. वाडीची पायवाट वा साकव ही ग्रामपंचायत व जिल्हा परिषदेची बाब आहे. कशेडीचा रस्ता हा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १७ व आताचा क्रमांक ६६ असल्याने त्याविषयीचा मूळ प्रश्न संसदेचा आहे. ज्या रुग्णालयात तो पोहोचावयाचा त्याची खाटसंख्या, डॉक्टरांची पदे आणि औषधे हा राज्य विधिमंडळाचा विषय आहे. शिवाय महामार्गाचा पैसा केंद्राचा असला तरी या भागातील काम राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेमार्फत होते, म्हणून त्याची चर्चा विधिमंडळातही होऊ शकते. चुकीच्या दारी दिलेले निवेदन कितीही कळकळीचे असले तरी ‘हा विषय आमच्या कक्षेत नाही’ या उत्तरापाशी थांबते. प्रश्न मांडण्यापूर्वी त्याचे दार निश्चित करणे ही पहिली पायरी होय.

अलीकडील काळाचे धडे

गेल्या दोन दशकांत या परिसराने कठोर आघात सोसले. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन या गावांवर दरडी कोसळून मोठी मनुष्यहानी झाली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला आणि दोन एस. टी. बसेससह काही वाहने नदीत गेली. २८ जुलै २०१८ रोजी पोलादपूर तालुक्यातील आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस दरीत कोसळून ३० जण मृत्युमुखी पडले. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक जीव गेले. त्या दिवशी पुराने आणि दरडींनी रस्ते बंद झाल्यामुळे मदत पथकांना गावापर्यंत पोहोचण्यास विलंब झाला.

सावित्रीचा पूल पडला तेव्हा मुंबईत विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशन चालू होते आणि दुसऱ्याच दिवशी हा विषय सभागृहात आला. नवा पूल वेगाने बांधून जून २०१७ मध्ये वाहतुकीस खुला करण्यात आला. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्र शासनाने देशातील पुलांची सूची व स्थिती नोंदविणारी व्यवस्थापन प्रणाली सुरू केली. दुर्घटनेनंतरची तत्परता निःसंशय मोलाची असते. परंतु अशी सूची दुर्घटनेच्या आधी तयार असती तर? संसदीय प्रश्नाचे खरे कार्य येथे आहे. अमुक पुलाची अखेरची तपासणी केव्हा झाली, तपासणीत काय आढळले आणि त्यावर काय कारवाई झाली, असा तीन ओळींचा तारांकित प्रश्न कोरड्या वाटणाऱ्या माहितीला सार्वजनिक नोंदीत आणतो आणि यंत्रणेला वेळेवर पाहणी करण्यास भाग पाडतो.

कशेडी घाटापुरते पाहता, भोगावजवळ खचणारा रस्ता ही दर पावसाळ्यातील चिंता राहिली. घाटाला पर्याय म्हणून सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या जुळ्या बोगद्यांचे काम हाती घेण्यात आले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये गणेशोत्सवाच्या काळात एका बोगद्यातून हलक्या वाहनांची वाहतूक प्रथम सुरू झाली. घाट चढून उतरण्यास लागणारा पाऊण तासाचा वेळ त्यामुळे काही मिनिटांवर आला. रुग्णवाहिकेच्या दृष्टीने या मिनिटांचे मोल वेगळे सांगावयास नको. तथापि बोगदा महामार्गावरील प्रवाशाचे अंतर कमी करतो. डोंगरावरील वाडीपासून महामार्गापर्यंतचे अंतर त्याने कमी होत नाही. ते काम ग्रामसडकांनाच करावे लागते.

रस्ता आखूड करणारा उपचार

आरोग्याच्या प्रश्नाला रस्ता हे एकमेव उत्तर नव्हे, हेही याच परिसराने दाखवून दिले आहे. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ पासून काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने होणाऱ्या मृत्यूंचा अभ्यास केला. दंशानंतर हृदयावर होणाऱ्या परिणामाच्या त्यांनी काटेकोर नोंदी ठेवल्या. प्राझोसिन या रक्तदाबावरील गोळीचा उपयोग त्यांनी सिद्ध केला आणि तो ‘लॅन्सेट’सारख्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकातून जगापुढे ठेवला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या कार्याचा संसदीय चर्चेशी संबंध असा : जो उपचार गोळीच्या रूपाने खेड्यातील केंद्रातच करता येतो, तो रुग्णाचा प्रवासच वाचवितो. १९४६ मध्ये भोर समितीने प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली ती याच विचाराने. मैदानी भागात ३०,००० आणि डोंगराळ व आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र, असा निकष पुढे रूढ झाला.

म्हणून आरोग्यावर बोलणाऱ्या सदस्याने दोन प्रश्न एकत्र विचारावेत. जवळच्या केंद्रात कोणते उपचार आज उपलब्ध आहेत? जे नाहीत त्यांच्यासाठी रुग्णाला किती दूर आणि किती वेळात न्यावे लागते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आरोग्य खात्याकडे आणि दुसऱ्याचे बांधकाम खात्याकडे असते. ही दोन उत्तरे एकत्र ठेवल्याखेरीज चित्र पूर्ण होत नाही.

गावपातळीवर काय करता येईल

सभागृहातील प्रभावी भाषणाची सामग्री बहुधा गावातूनच जाते. ग्रामपंचायतीने पुढील नोंदी नियमित ठेवल्यास आमदार व खासदार यांना प्रश्न मांडणे सुलभ होते आणि अधिकाऱ्यांनाही प्रस्ताव तयार करण्यास आधार मिळतो.

पहिली नोंद अंतराची व वेळेची असावी. प्रत्येक वाडीपासून उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र व रुग्णालय किती किलोमीटर आहे आणि उन्हाळ्यात व पावसाळ्यात प्रत्यक्ष किती वेळ लागतो, हे त्यात यावे. दुसरी नोंद रस्ता बंद राहिलेल्या दिवसांची : तारीख, ठिकाण, कारण आणि तो पुन्हा केव्हा सुरू झाला. तिसरी नोंद साकव, मोऱ्या व पूल यांच्या अवस्थेची. चौथी, आरोग्य केंद्रातील मंजूर पदे, भरलेली पदे व औषधांची उपलब्धता. पाचवी नोंद, हा रस्ता कोणाच्या ताब्यात आहे याची : ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम विभाग की राष्ट्रीय महामार्ग. रुग्णाची नावे वा खाजगी तपशील यांची या कामी गरज नसते. संख्या, तारीख आणि ठिकाण पुरेसे असते.

यानंतर साधनाची निवड येते. केवळ माहिती हवी असेल तर अतारांकित प्रश्न पुरेसा असतो. मंत्र्याला उपप्रश्नांस सामोरे आणावयाचे असेल तर तारांकित प्रश्न विचारावा. तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीसाठी लक्षवेधी सूचना आहे. मिळालेले उत्तर अपुरे वाटल्यास अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. खात्याच्या खर्चावरील असमाधान कपात सूचनेद्वारे व्यक्त होते. धोरणाची दिशा सुचविण्यासाठी अशासकीय ठराव आणि कायदाच हवा असल्यास अशासकीय विधेयक ही साधने आहेत. मंत्र्यांनी सभागृहात दिलेले वचन पुरे झाले की नाही हे पाहण्यासाठी आश्वासन समिती असते. गावच्या प्रश्नावर आश्वासन मिळाले असेल तर त्याची तारीख नोंदवून ठेवणे आणि काही महिन्यांनी लोकप्रतिनिधीला त्याचे स्मरण देणे, हेही संसदीय कार्यच आहे.

शिक्षकांना हा विषय नागरिकशास्त्राच्या तासाला सहज घेता येईल. गावातील एक रस्ता आणि एक दवाखाना निवडून त्यांचा विषय कोणत्या सूचीत येतो, निधी कोणाचा आणि उत्तरदायी कोण, हे विद्यार्थ्यांना शोधावयास सांगावे. त्यावर एक तारांकित प्रश्न आणि एक ठराव लिहावयास लावून वर्गात सभागृह भरवावे. मंत्र्याच्या भूमिकेतील विद्यार्थ्याला उत्तर देताना खर्चाचा मेळ घालावा लागला की शासनव्यवहाराची अडचणही त्याच्या ध्यानात येते.

समारोप

बोले यांच्या ठरावाने हक्काचा उच्चार केला, पण त्याला बळ द्यावयास महाडच्या लोकांना स्वतः तळ्यावर जावे लागले. जोशी यांचे विधेयक हरले, पण आंबेडकरांच्या युक्तिवादातून आणि मुंबईच्या कायद्यातून ते पुढे जगले. जयकर समितीने पैशाचा मार्ग दाखविला, म्हणून तिच्या शिफारशी प्रत्यक्षात आल्या. मात्र वाटपाचा निकष डोंगरातल्या वाडीला अनुकूल होण्यास सत्तर वर्षांहून अधिक काळ लागला आणि आजही तो प्रत्येक वाडीला पुरा पडत नाही. हक्क, कायदेशीर कर्तव्य, निधी आणि योग्य निकष या चारही गोष्टी एकत्र आल्या तरच सभागृहातील शब्द दुर्गम वाडीपर्यंत पोहोचतो. यांपैकी कोणती गोष्ट आपल्या गावाच्या प्रश्नात उणी आहे, हे शोधून ती नेमकी मागणे, हे ग्रामपंचायतीचे काम आहे. तशी मागणी आली की ती योग्य सभागृहात, योग्य साधनाने मांडणे हे लोकप्रतिनिधीचे, आणि तिला खरे, पूर्ण व वेळेवर उत्तर देणे हे प्रशासनाचे कर्तव्य होय.